वटवाघळाचा वाटा

कंपनीच्या मालकाचा मुलगा डॉक्टरकडे येतो, तो पाच हजार डॉलरचा चेक घेऊनच. हीथ आणि मॉर्टन या दोन घराण्यांनी सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात बक्कळ पैसा केला आहे, आणि तो ज्याच्या डोक्यातून निघालेल्या सूत्रावर केला, त्या डॉ. पॉल कॅरदर्सला काहीतरी बक्षीस द्यावं असं त्यांच्या मनात आलं आहे. डॉक्टर हसून आभार मानतो. मग एक बाटली पुढे करतो. दाढीनंतर लावायचं नवं लोशन आहे, अजून बाजारात यायचंय, जरा लावून बघ. इथे, गळ्याच्या कोवळ्या भागावर चोळ. पोरगा चोळतो, वास छान आहे म्हणतो, ‘गुड नाइट, डॉक्टर’ म्हणून निघतो. डॉक्टर ‘गुड नाइट’ म्हणत नाही. तो ‘गुडबाय’ म्हणतो.

त्यानंतर घराच्या माळ्यावरची एक झडप उघडते आणि गिधाडाएवढं एक वटवाघूळ अंधारात झेपावतं. त्याला त्या लोशनच्या वासाची चीड आणून ठेवलेली आहे. पुढचं सांगायला नको.

‘द डेव्हिल बॅट’ हा चित्रपट डिसेंबर १९४० मध्ये अमेरिकेत लागला. कृष्णधवल, लांबी जेमतेम सत्तर मिनिटं, दिग्दर्शक जीन यारब्रो, आणि निर्मिती प्रोड्यूसर्स रिलीझिंग कॉर्पोरेशन, म्हणजे पीआरसी, या नवख्या आणि कफल्लक कंपनीची. प्रमुख भूमिकेत बेला लुगोसी. चित्रपट चांगला आहे असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. वटवाघूळ तारेवरून सरकताना दिसतं, त्याचे पंख हलत नाहीत, आणि मधूनमधून खऱ्या वटवाघळाच्या तोंडाचं एकच जवळचं दृश्य पुन्हा पुन्हा डकवलेलं आहे. पण वेड्या शास्त्रज्ञांच्या शेकडो चित्रपटांत हा एक माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याला कारण भीती नव्हे, हिशेब आहे. बाकीच्या शास्त्रज्ञांना देव व्हायचं असतं, मेलेल्यांना उठवायचं असतं, जगावर राज्य करायचं असतं. कॅरदर्सला नफ्यातला आपला वाटा हवा होता.

गोष्ट अशी की कंपनी उभी राहत होती तेव्हा त्याला भागीदारी मिळू शकली असती. त्यानं ती न घेता सूत्राचे दहा हजार डॉलर रोख घेतले. त्या सूत्रावर मालक लक्षाधीश झाले. आवळा देऊन कोहळा काढला, आणि वर पाच हजारांच्या चेकवर बोळवण. प्रेक्षकानं खुन्याची बाजू घेऊ नये हे खरं, पण तो चेक हातात घेताना लुगोसीच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते बघून क्षणभर वाटतंच, की सोड वटवाघूळ.

ते हसू नुसत्या अभिनयाचं नव्हतं.

बेला लुगोसीचा जन्म १८८२ चा, तेव्हाच्या हंगेरीतल्या लुगोस या गावचा. गावाच्या नावावरूनच त्यानं आडनाव घेतलं. बुडापेस्टच्या रंगभूमीवर काम करताना, पहिल्या महायुद्धानंतरच्या धामधुमीत, तो नटांची संघटना बांधण्यात पुढे होता. १९१९ मध्ये बेला कुनची साम्यवादी राजवट कोसळली, तिच्याशी जवळीक असलेल्यांची धरपकड सुरू झाली आणि लुगोसीला देश सोडावा लागला. नटाच्या श्रमाचा मोबदला हा ज्याच्या आयुष्यातला पहिला लढा, तोच पुढे हॉलिवूडमध्ये सगळ्यांत स्वस्तात विकला गेला.

१९२७ च्या ऑक्टोबरात ब्रॉडवेवर ‘ड्रॅक्युला’ नाटक आलं आणि लुगोसी हंगेरियन वळणाच्या तुटक इंग्रजीसकट प्रसिद्ध झाला. युनिव्हर्सल स्टुडिओनं त्यावर चित्रपट काढायचं ठरवलं तेव्हा ही भूमिका त्याला सहजासहजी मिळाली नाही. ती मिळावी म्हणून त्यानं जिवाचं रान केलं, आणि गरजवंताला अक्कल नसते म्हणतात तसं, आठवड्याला पाचशे डॉलर या दरानं सात आठवडे काम केलं. एकूण साडेतीन हजार. त्याच चित्रपटात मिळमिळीत नायकाचं काम करणाऱ्या डेव्हिड मॅनर्सला आठवड्याला दोन हजार मिळत होते, असं हॉलिवूडचे इतिहासकार नोंदवतात. १९३१ मध्ये ‘ड्रॅक्युला’ युनिव्हर्सलच्या कमाईत अव्वल ठरला. १९३२ च्या ऑक्टोबरात ड्रॅक्युलानं स्वतः दिवाळखोरी जाहीर केली.

त्यात त्याचा उधळा हात होता, चुकीच्या भूमिका घेणं होतं, हेही खरं. पण १९३६ नंतर जे झालं त्यात त्याचा दोष नव्हता. युनिव्हर्सल लेमली कुटुंबाच्या हातून गेली आणि नव्या मालकांनी भयपट गुंडाळून ठेवले. ब्रिटनमध्ये अशा चित्रपटांविरुद्ध ओरड सुरू होती. १९३७ मध्ये तिथे ‘एच’ हे वेगळं प्रमाणपत्र आलं, म्हणजे मुलांना प्रवेश बंद. अमेरिकी भयपटांना ब्रिटिश बाजार मोठा होता. तो आटला तसं लुगोसीचं काम आटलं. १९३८ च्या जानेवारीत त्याला मुलगा झाला तेव्हा बाप जवळजवळ बेकार होता आणि राहतं घर हातचं गेलं होतं.

मग त्याच वर्षी लॉस एंजलिसमधल्या एका छोट्या, मरायला टेकलेल्या थिएटरच्या चालकानं गंमत केली. त्यानं ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘सन ऑफ काँग’ हे तीन जुने चित्रपट भाड्यानं आणून एकाच तिकिटात लावले. रांगा रस्ताभर गेल्या. खेळ दिवसरात्र चालू ठेवावे लागले. चालकानं लुगोसीला प्रेक्षकांसमोर हजर राहायला बोलावलं, आणि साताठ वर्षांपूर्वीच्या आपल्याच चित्रपटासाठी लोटलेली गर्दी त्यानं डोळ्यांनी पाहिली. युनिव्हर्सलनं लगोलग ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या नव्या प्रती काढून देशभर लावल्या. या दुसऱ्या पिकातलं एक कणीसही लुगोसीला मिळालं नाही. करारात तसं काही नव्हतंच. त्याला मिळालं ते नवं काम: ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधला मान मोडलेला इगोर. तेही दिग्दर्शक रोलंड ली यानं हट्टानं त्याची भूमिका लांबवली म्हणून, कारण स्टुडिओला त्याला जमेल तेवढ्या कमी दिवसांत मोकळं करायचं होतं.

पीआरसीनं १९४० च्या शरद ऋतूत त्याला गाठलं तेव्हा तो अठ्ठावन्नाच्या आसपास होता, आणि मिळेल ते काम घेत होता.

इथे थोडं थांबून त्या काळातल्या धंद्याची रीत सांगायला हवी, कारण वटवाघूळ तारेवरून का सरकतं याचं उत्तर तिच्यात आहे. मंदीच्या वर्षांत अमेरिकी थिएटरांनी एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पहिला मोठा, तारकांचा, दुसरा जोडीला. मोठ्या चित्रपटाचं भाडं तिकीटविक्रीच्या टक्केवारीवर ठरायचं, म्हणजे गर्दी झाली की निर्मात्याचीही चंगळ. जोडीच्या चित्रपटाला मात्र ठरावीक ठोक भाडं मिळायचं. थिएटर ओसंडून वाहो की रिकामं राहो, रक्कम तीच. मग अशा चित्रपटाच्या निर्मात्याला नफा काढायची एकच जागा उरते, ती म्हणजे खर्च. चांगला चित्रपट काढला म्हणून एक डॉलर जास्त येणार नसतो. आठवड्यात उरकला तर चार डॉलर वाचतात. हॉलिवूडच्या गावर स्ट्रीटच्या आसपास भाड्याच्या जागांत अशा कंपन्यांची वस्ती होती. तिला लोक ‘पॉव्हर्टी रो’ म्हणत, आपण दरिद्री आळी म्हणू. पीआरसी त्या आळीतलीही सगळ्यांत गरीब.

म्हणजे पहा, डॉ. कॅरदर्सनं वाट्याऐवजी ठोक रक्कम घेतली. लुगोसीनं ‘ड्रॅक्युला’साठी तेच केलं. आणि ही कथा पडद्यावर आणणारी कंपनीही गावोगावच्या थिएटरांकडून वाटा नव्हे, ठोक भाडंच घेत होती. हे योजून झालं असं मला वाटत नाही. कथालेखक जॉर्ज ब्रिकर आणि पटकथाकार जॉन थॉमस नेव्हिल हे मजुरीवर लिहिणारे लोक होते. वाटा नाकारला गेला की माणसाला काय वाटतं, हे त्यांना बाहेरून शोधायला जावं लागलं नसणार.

करार आणि चित्रीकरण यांच्यामध्ये आठवड्याहून थोडाच जास्त वेळ गेला. दिवाळी फराळाच्या चकल्यांसारखे चित्रपट पाडणाऱ्या कंपनीत ही गती नवी नव्हती. कॅमेऱ्यामागे आर्थर मार्टिनेली होता. त्यानंच आठ वर्षांपूर्वी ‘व्हाइट झोंबी’त लुगोसीचे डोळे टिपले होते. या वेळी त्याच्या हाताशी ना वेळ होता ना धुकं. नायक डेव्ह ओब्रायन शिकागोच्या वर्तमानपत्राचा बातमीदार, त्याच्या जोडीला ‘वन-शॉट’ मॅग्वायर नावाचा विनोदी छायाचित्रकार. त्यांचा संपादक फोनवर खेकसत राहतो. ते काम करणारा आर्थर क्यू. ब्रायन म्हणजे बग्ज बनीच्या मागे बंदूक घेऊन धावणाऱ्या एल्मर फडचा आवाज. ही माहिती एकदा कळली की संपादकाची धमकी गंभीरपणे घेता येत नाही.

या दोघा पत्रकारांचा एक उपद्व्याप मला मूळ कथेपेक्षा आवडतो. खरं वटवाघूळ कॅमेऱ्यात सापडत नाही म्हणून ते एक भुसा भरलेलं खोटं वटवाघूळ तयार करवून त्याचा फोटो छापतात. मग कळतं की पंखावर ‘जपानमध्ये बनवलेलं’ असा शिक्का फोटोतही आला आहे. संपादक दोघांना हाकलतो. पडद्यावरचं खोटं वटवाघूळ आणि ‘खरं’ वटवाघूळ यांत फारसा फरक नाही हे निर्मात्यांना ठाऊक असावं. इतक्या प्रांजळ कबुलीबद्दल मी त्यांना बरंच काही माफ केलं आहे.

आणि लुगोसी? तो कुठेही हात राखत नाही. छताला उलट्या लटकलेल्या वटवाघळाशी तो बोलतो ते पाळलेल्या पोपटाशी बोलावं तसं. काळा चष्मा चढवून वीज सोडतो, पिंजऱ्यातला प्राणी फुगतो, आणि तो समाधानानं मान हलवतो. या प्रसंगाचं विज्ञान काय असं कुणी विचारू नये. पण योगायोग असा की त्याच वर्षी हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गालाम्बोस हे दोघे तरुण खऱ्या वटवाघळांचे कान आणि तोंडं आळीपाळीनं बंद करून त्यांना तारांच्या जाळ्यांतून उडवत होते. माणसाला ऐकू न येणाऱ्या स्वतःच्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर ती वाट काढतात, हे त्यांनी सिद्ध केलं. पडद्यावरचं वटवाघूळ वासानं माग काढतं. तेवढी चूक चालायची.

वेड्या शास्त्रज्ञाच्या बाबतीत मात्र वास्तवानं चित्रपटावर मात केली. पर्ल हार्बरनंतर लायटल अ‍ॅडम्स नावाच्या एका दंतवैद्यानं अमेरिकी सरकारला सुचवलं की हजारो वटवाघळांना छोटे आगलावे बॉम्ब बांधून जपानी शहरांवर सोडावं. ती लाकडी घरांच्या वळचणीला जाऊन बसतील आणि शहरं पेटतील. सरकारनं ते मनावर घेतलं. ग्रिफिननंही पाठिंबा दिला. १९४३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका विमानतळावर प्रयोग चालू असताना बॉम्ब बांधलेली काही वटवाघळं सुटली आणि त्यांनी तो तळच जाळला. सुमारे वीस लाख डॉलर खर्चून योजना १९४४ मध्ये बंद झाली. ‘द डेव्हिल बॅट’ एवढ्या पैशात किती वेळा काढता आला असता, याचा हिशेब मी करून पाहिला नाही, मोह होतो.

चित्रपटाचा शेवट करावे तसे भरावे या चालीचा आहे. बातमीदाराला लोशनचं कोडं उलगडतं, तो तेच लोशन डॉक्टरच्या अंगावर उडवतो, आणि रात्री बागेत स्वतःचंच वटवाघूळ डॉक्टरच्या गळ्यावर येतं. एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण पीआरसीनं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही असा नेम केला होता. १९४६ मध्ये तिनं याच कथेचा सांगाडा उचलून, वटवाघळाच्या जागी पंखांचा साप आणि लोशनच्या जागी पीस घालून, ‘द फ्लाइंग सर्पंट’ काढला. त्याच वर्षी ‘डेव्हिल बॅट्स डॉटर’ही आला, आणि त्यात तर कमालच केली. कॅरदर्सची मुलगी नीना गावात येते आणि शेवटी सिद्ध होतं की तिचे वडील निर्दोष होते, एक सज्जन संशोधक होते, लोकांनी उगाच बदनाम केलं. आपण पहिल्या चित्रपटात डोळ्यांनी पाहिलेले खून कुठे गेले, हे कुणी सांगत नाही. मेल्यानंतर डॉक्टरला न्याय मिळाला खरा. लुगोसी या चित्रपटात नव्हता.

त्याचं पुढचं दशक दरिद्री आळीतच गेलं. मोनोग्राम कंपनीसाठी निर्माता सॅम कॅट्झमननं त्याच्याकडून १९४१ ते १९४४ या काळात नऊ चित्रपट करून घेतले. त्यांतल्या ‘द एप मॅन’मध्ये तो अर्धा माकड झालेला शास्त्रज्ञ आहे आणि माणसात परत यायला त्याला दुसऱ्यांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी हवं असतं. खुद्द लुगोसीला तोवर वेदनाशामकांची सवय लागली होती. १९५४–५५ मध्ये दिग्दर्शक एड वुडनं त्याला शेवटचा मोठा वेडा शास्त्रज्ञ दिला, ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’मधला डॉ. व्हॉर्नॉफ. या चित्रपटाला पैसा घातला तो मांसाच्या व्यापारातल्या एका गृहस्थानं. बदल्यात त्याचा मुलगा नायक झाला. रबरी ऑक्टोपसची मोटर नव्हती, तेव्हा डबक्यात बसलेल्या नटानं त्याचे पाय स्वतःच्या हातांनी अंगाभोवती गुंडाळून किंचाळायचं होतं. या सगळ्या पसाऱ्यात व्हॉर्नॉफ एका खुर्चीत बसून आपण देशातून कसे हाकलले गेलो हे सांगतो, आणि ते दीड मिनिट खोटं वाटत नाही. बुडापेस्ट सोडलेल्याला ते भाषण पाठ करावं लागलं नसेल.

एप्रिल १९५५ मध्ये त्यानं स्वतःहून व्यसनमुक्तीसाठी सरकारी रुग्णालयात नाव घातलं, आणि वर्तमानपत्रांपासून ते लपवलं नाही. ऑगस्टमध्ये बरा होऊन बाहेर आला, लग्न केलं. वर्षभरानं, १६ ऑगस्ट १९५६ रोजी, गेला. त्याला ड्रॅक्युलाच्या पोशाखात पुरलं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात युनिव्हर्सलचे बावन्न जुने चित्रपट ‘शॉक’ नावाच्या संचात अमेरिकी दूरचित्रवाणीला विकले गेले आणि नव्या पिढीतली पोरं रात्री जागून लुगोसी बघू लागली. १९६० मध्ये हॉलिवूडमधल्या नटांच्या संघटनेनं, जिच्या पहिल्या सभासदांत लुगोसी होता, संप करून दूरचित्रवाणीवरच्या पुनर्प्रदर्शनाचा वाटा मिळवला. पण तो त्यापुढच्या चित्रपटांसाठी. १९४८ ते १९६० मधल्यांपोटी निर्मात्यांनी संघटनेच्या निवृत्ती आणि आरोग्य निधीला एक ठोक रक्कम दिली. त्याआधीच्यांना काही नाही.

तोवर ड्रॅक्युलाचा चेहरा मुखवट्यांवर, पत्त्यांवर, खेळण्यांवर आला होता. परवाने युनिव्हर्सल विकत होती. १९६६ मध्ये लुगोसीची विधवा होप आणि मुलगा बेला ज्युनियर यांनी दावा लावला: हा चेहरा ड्रॅक्युलाचा नाही, आमच्या माणसाचा आहे, १९३० च्या करारात त्यानं भूमिका विकली होती, तोंडवळा नव्हे. मुलगा तोवर स्वतः वकील झाला होता. १९७२ मध्ये कनिष्ठ न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. १९७९ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. आपल्या नावाचा आणि चेहऱ्याचा व्यापारी उपयोग करायचा हक्क माणसाचा स्वतःचा असतो, त्यानं हयातीत तो वापरला नाही तर तो त्याच्याबरोबर जातो, वारसांकडे येत नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. सरन्यायाधीश रोझ बर्ड यांनी विरोधी मत लिहिलं.

निकालावर इतकी चर्चा झाली की कॅलिफोर्नियानं १९८४ मध्ये कायदाच केला. १९८५ पासून मृत कलावंताच्या चेहऱ्याचा व्यापारी वापर पन्नास वर्षं वारसांच्या परवानगीशिवाय करता येईना. पुढे ती मुदत सत्तर वर्षं झाली.

‘द डेव्हिल बॅट’ला यातला कुठलाच कायदा लागू पडण्याआधी दुसरंच काही घडून गेलं होतं. अमेरिकेत तेव्हा चित्रपटाचा स्वामित्वहक्क अठ्ठावीस वर्षांचा असे आणि पुढे चालू ठेवायचा तर नूतनीकरणाचा अर्ज करावा लागे. या चित्रपटाची मुदत १९६८ मध्ये भरली. पीआरसी केव्हाच नामशेष झाली होती, आणि अर्ज कुणी केला नाही. तेव्हापासून हा चित्रपट कुणाचाच नाही. ज्याला वाटेल तो त्याची प्रत काढतो, ‘पन्नास भयपट एकत्र’ अशा स्वस्त डब्यांत भरून विकतो, इंटरनेटवर टाकतो. डॉक्टर बाटली पुढे करतो, गळ्याला चोळ म्हणतो, गुडबाय म्हणतो. कुणालाही कसलाच चेक पाठवायचा नसतो.